डोळ्याला डोळा लागेना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ५२, शाळेत शिकवते. रात्री साडेनऊला अंथरुणावर पडते, सकाळी सहाला उठते. झोप लागते जेमतेम साडेपाच तास, बाकी वेळ कूस बदलण्यात जातो. झोप पुरत नाही म्हणून आता नऊलाच पडायला लागले आहे. तरीही फरक नाही. (एक शिक्षिका, परभणी)

उत्तर : लवकर पडता, तिथंच घोटाळा आहे. साडेनऊला पडत होतात तेव्हाच साडेआठ तास अंथरुणात आणि त्यातली साडेपाच तास झोप, म्हणजे शंभरातले पासष्टच टक्के कामी आले. उरलेले तीन तास रोज तळमळत काढले की अंथरूण ही जागं राहायची जागा आहे असंच शरीराच्या अंगवळणी पडतं. मग टीव्हीसमोर पेंगणारं माणूस उशीला डोकं टेकताच टक्क जागं होतं.

आधी आठवडाभर वहीत मांडा : किती वाजता पडलात, अंदाजे केव्हा डोळा लागला, मध्ये किती वेळ जाग होती, केव्हा उठलात. हे सकाळी लिहायचं. रात्री घड्याळ बघून लिहायला लागलात तर ते बघण्यानंच झोप जाईल. घड्याळ भिंतीकडे वळवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. सरासरी साडेपाच तासच आली, तर अंथरुणातही साडेपाचच तास काढायचे. उठायची वेळ सहा, रविवार धरून. मग पडायचं साडेबाराला, त्याआधी जांभया आल्या तरी नाही. सरासरी कितीही कमी निघाली तरी अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली न्यायचा नाही.

आठवड्यानं पुन्हा हिशेब करा. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्के किंवा जास्त झोप लागत असेल (साडेपाच तासांत सुमारे चार तास चाळीस मिनिटं), तर पडायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर १५ मिनिटं पुढे ढकला. मधे असेल तर हलवू नका. असं आठवड्याला पाव तास करत दीड-दोन महिन्यांत बहुतेकांचं गाडं रुळावर येतं.

पहिला आठवडा जड जातो, हे आधीच सांगून ठेवतो. डोकं भणभणतं, वर्गात डोळे मिटतात. बहुतेक जण इथंच सोडतात किंवा रविवारी नऊपर्यंत ताणून देतात आणि आठवड्याची कमाई एका सकाळी घालवतात. दुसरी चूक जास्त छुपी असते : मालिका बघता बघता सोफ्यावर लागलेली वीस मिनिटांची डुलकी. दिवसभर साठलेली झोपेची भूक तिथंच मरते. म्हणून साडेबारापर्यंत पाठ टेकायची नाही. मंद दिव्यात वाती वळा, शेंगा फोडा, लसूण सोला. हाताला काम आणि डोक्याला आराम. पडल्यावर वीसेक मिनिटांत (अंदाजानंच) झोप आली नाही तर उठून पुन्हा त्याच वातींकडे जा. डोळे जड झाले की परत या, रात्रीतून चार वेळा उठावं लागलं तरी चालेल.

फिट्स, उन्माद-नैराश्याचा आजार असेल किंवा रोज गाडी, कडबाकुट्टी असलं काही चालवावं लागत असेल, तर हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नका.

प्रश्न : रब्बीत आमच्याकडे लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभऱ्याला दारं धरून पहाटे घरी आलो की झोप येत नाही, आन् मोकळ्या रात्रीही येत नाही. (शेतकरी, जिंतूर तालुका)

उत्तर : रात्रीच्या पाळीला जायच्या आधी, संध्याकाळी साडेसात ते नऊ असा दीड तास झोपून घ्या. शेतात चहा प्यायचा तो रात्री एकपर्यंतच. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. पहाटे चारचा चहा सकाळी नऊला तुमच्याशी भांडत असतो. तंबाखूही झोप उडवते, पहाटेचा शेवटचा बार टाळा. घरी येताना टोपी किंवा रुमाल डोळ्यांवर ओढून घ्या, कारण सकाळचं ऊन मेंदूला दिवस उजाडल्याचा सांगावा देतं. हातपाय धुऊन थोडं खा आणि अंधाऱ्या खोलीत चार-पाच तास झोपा. पाळीच्या शेवटच्या दिवशी मात्र सकाळी दोनच तास झोपायचं, मग उन्हात कामाला लागायचं. त्या रात्री दहाला झोप आपोआप येते. शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत झोपलात की पुढची मोकळी रात्र गेलीच म्हणून समजा.

प्रश्न : आई ६८ वर्षांची. चार वर्षं रोज झोपेसाठी अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी घेते. बंद केली की दोन रात्री जागरण, हात थरथरतात. (लातूर)

उत्तर : हे गोळी एकदम सोडल्याचे परिणाम आहेत. आईची मूळ झोपच बिघडली असं समजून, घाबरून पुन्हा गोळी दिली जाते आणि चक्र चालू राहतं. एकदम बंद केल्यानं काहींना झटकेही येतात. त्यामुळे लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडून उतरती मात्रा ठरवून घ्या. साधारण अशी : अर्धा मिलिग्रॅमऐवजी पाव मिलिग्रॅमची एक आणि अशी अर्धी गोळी (०.३७५), मग एक (०.२५), मग अर्धी (०.१२५), मग बंद, प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे. पायरी उतरली की तीन-चार रात्री खराब जातात. तेव्हा मागं फिरू नका, पुढची पायरी लांबवा. पाकिटावर ‘एसआर’ (औषध हळूहळू सोडणारी गोळी) लिहिलं असेल तर गोळी मोडायची नाही, आधी साधी गोळी बदलून घ्यायची. ही गोळी चिठ्ठीशिवाय देणं मेडिकलवाल्याला कायद्यानं बंद आहे. ‘नेहमीचं गिऱ्हाईक’ म्हणून मिळत असेल तर ती मेहेरबानी नव्हे. या वयात रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुबा मोडतो, तो पुष्कळदा याच गोळ्यांमुळे.

प्रश्न : झोपेसाठी संध्याकाळी शिंदी (ताडीसारखी झाडाची दारू) घेतो. नाही घेतली तर रात्रभर घाम. (धर्माबाद)

उत्तर : दारू लवकर झोपवते आणि उत्तररात्री उठवते, हे झालंच. पण शिंदीत अल्प्राझोलाम, क्लोरल हायड्रेट अशी गुंगीची औषधं मिसळल्याची प्रकरणं तुमच्या शेजारच्या तेलंगणात वारंवार पकडली गेली आहेत. घाम सुटतो तो कदाचित ती औषधं त्या दिवशी न मिळाल्यानंच. अचानक सोडू नका, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाऊन सोडा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन करून मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

प्रश्न : जायफळाचं दूध, तळपायाला तूप : खरं किती? (अंबाजोगाई)

उत्तर : जायफळ सहाणेवर दोन-तीन वळसे, त्यापुढे नाही. पाच ग्रॅमच्या आसपास पूड पोटात गेली तर छातीत धडधड, तोंडाला कोरड आणि भ्रम होतो. तळपायाची मालिश जरूर करा, काशाच्या वाटीनं केली तरी उत्तम. पाय ऊबदार झाले की आतली उष्णता कातडीवाटे बाहेर पडते, शरीर आतून थोडं निवतं आणि तसं निवल्यावरच झोप येते. मे महिन्यात झोप न येण्याचं कारणही हेच : दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकतो. त्यावर पाणी मारा म्हणणं सोपं आहे, टँकरचं पाणी कोण ओतणार? गच्चीला चुना फासा, मच्छरदाणी लावून वर झोपा आणि कूलर लावत असाल तर समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा भरतो.

प्रश्न : नवऱ्याला झोप भरपूर, तरी दिवसा पेंगतात. घोरणं मध्येच थांबतं, मग दचकून श्वास घेतात. (बीड)

उत्तर : हा निद्रानाश नाही. झोपेत श्वास अडतो आहे. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवा, रात्रीची झोपेची तपासणी करून घ्या. तोवर कुशीवर झोपू द्या, झोपेची गोळी अजिबात देऊ नका आणि मोटारसायकलची किल्ली तुमच्याकडे ठेवा.