काढा घेतला म्हणून टीबी झाला नाही का?

प्रश्न : धाकट्या दिराला टीबी निघालाय, औषधं चालू आहेत. बरीच वर्षं तो खडी क्रशरवर कामाला होता. घरात आम्ही बाकीचे पाच जण, पण कुणालाच काही नाही. सासूबाई म्हणतात आपण रोज काढा घेतो म्हणून वाचलो. खरंय का? आणि त्याच्यात प्रतिकारशक्तीच नव्हती का?
— एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : ताई, काढ्याला श्रेय देऊ नका, सासूबाई रागावल्या तरी चालेल. आपण दिवसाला साधारण १०,००० लिटर हवा आत ओढतो, त्यात धूळ, बुरशी, जंतू सगळंच येतं. मोठे कण नाकात आणि श्वासनळ्यांत कफाला चिकटतात, तिथले सूक्ष्म केस तो कफ घशाकडे ढकलत राहतात आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. पण टीबीचा पेशंट खोकला की उडणारे तुषार सुकून १ ते ५ मायक्रॉनचे होतात, ते थेट तळाच्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात आणि तिथे केसही नाहीत नि कफही नाही.

तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी फिरत असतात. आलेला जंतू गिळायचा, आतल्या आत पचवायचा, आणि शक्यतो गाजावाजा न करता, कारण त्या पिशव्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की दर जंतूला सूज आली तर आपल्याला धापच लागेल. जंतू फारच झाले तर मात्र त्या रक्तातून न्यूट्रोफिल पेशी बोलावतात. बेडक्याचा हिरवट रंग त्यांच्यामुळेच येतो, त्यामुळे नुसता रंग बघून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका प्लीज.

टीबीचा जंतू मात्र बिलंदर. मॅक्रोफेज त्याला गिळते पण पचवू शकत नाही, तो पचनाची यंत्रणाच अडवतो आणि त्याच पेशीत वाढत बसतो. मग काही आठवड्यांनी टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशी, येतात, मॅक्रोफेजना जोर देतात, आणि सगळ्या मिळून जंतूभोवती गाठ बांधून त्याला कोंडतात. बहुतेकांच्या बाबतीत एवढं पुरतं, असा कोंडलेला टीबी पुढे आयुष्यात साधारण ५ ते १० टक्के लोकांतच उफाळतो. म्हणजे तुमच्यापैकी कुणाच्या शरीरात जंतू गेलाच नसेल, कुणाच्यात कोंडलेला असेल, वरून बघून सांगता येत नाही.

दिराला प्रतिकारशक्ती नव्हती असं नाही, खरा घोळ बहुधा क्रशरच्या धुळीचा असावा. दगडाच्या धुळीतलं सिलिका मॅक्रोफेज गिळते, ते पचत नाही, उलट तीच मरते, धूळ बाहेर पडते, मग दुसरी गिळते, ती पण मरते, असं वर्षानुवर्षं चालतं. ज्यांनी जंतू कोंडायचा त्याच पेशी अशा खर्ची पडतात, म्हणून सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, झालेल्यांना टीबीचा धोका कितीतरी जास्त असतो. काम सोडलं तरी आत गेलेली धूळ राहतेच. त्याच्या डॉक्टरांना हे काम आधी सांगितलं नसेल तर आता नक्की सांगा, एक्सरे बघताना त्यांना उपयोग होतो.

तुम्ही पाचही जण सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, टीबी नाही असं दिसलं तर घरातल्यांसाठी प्रतिबंधक गोळ्यांचा कोर्स मोफत मिळतो, त्याबद्दल विचारा. घरात कुणाला शुगर असेल, सासूबाईंना असेल तर त्यांनाच, आधी घेऊन जा, डायबिटीसमध्ये हा कोंडलेला टीबी सुटायची शक्यता वाढते.