एकाच गिरणीत काम करूनही दलित कामगारांची कमाई कमी का असायची?

मुंबईच्या गिरण्यांबद्दल विचारताय म्हणून सांगतो: मुख्य कारण खात्याचं होतं. साध्या कामगारांत चांगली कमाई विणकाम खात्यात होती, आणि तिथे दलितांना घेतच नसत. ते बहुतेक रिंग स्पिनिंगमध्ये, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, कमी पगारावर.

सबब काय, तर धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारं साधन. त्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी धोट्यात घाली आणि सुताचं टोक भोकातून तोंडाने ओढून घेई. तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागणार, म्हणून ‘विटाळ’! कौशल्याचा यात काडीचाही संबंध नव्हता.

शिवाय भरती जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या हातात. तो आपल्या गावची, नात्यातली माणसं आधी लावी. मग खातं बदलायचं कुणाच्या भरवशावर?

१९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाशी लढताना सोबतच्या कामगारावरची ही बंदीही उठली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मला तो पूर्णपणे रास्त वाटतो. नुसते पगाराचे आकडे पाहिले तर ही बंदी दिसतच नाही. चांगल्या कामापर्यंत कोणाला पोचू दिलं, ते आधी बघावं लागतं.