बाजार प्रयोगशाळेत मांडता येतो का?

प्रश्न: मी बी.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ग्राहक कसे वागतात, भाव कसे ठरतात यावर प्रयोग करणारं संशोधन, म्हणजे प्रायोगिक अर्थशास्त्र, मला करायचंय. पण ‘खोटा बाजार मांडून खरं काय कळणार?’ असं सगळे म्हणतात. हा मार्ग धरावा का? तयारी काय करावी?

उत्तर: बाजार छोटा असतो, पण खोटा नसतो, कारण त्यातला नफा खरा असतो. निर्णय घेण्याआधी एक बाजार स्वतः भरवून बघ. दहा मित्र आणि दहा कार्डं पुरतील.

पाच ग्राहकांना १००, ९०, ८०, ७०, ६० अशी कार्डं दे. ग्राहकाने विकत घेतलेली वस्तू तू कार्डावरच्या किमतीला परत घेणार. मधला फरक त्याची कमाई. पाच विक्रेत्यांच्या कार्डांवर खर्च लिही: ३५, ४५, ५५, ६५, ७५. मिळालेल्या भावातून खर्च वजा जाता उरेल ती विक्रेत्याची कमाई. प्रत्येकाने एकच वस्तू घ्यायची किंवा विकायची. कार्ड कुणी कुणाला दाखवायचं नाही. बोली मोठ्याने लावायची, तू ती फळ्यावर लिहायची. पाच मिनिटांनी फेरी संपव, त्याच कार्डांवर पुन्हा सुरू कर, अशा पाच-सहा फेऱ्या घे. मागणी-पुरवठ्याच्या हिशेबाने कागदावरचं उत्तर आहे चार सौदे, भाव ६५ ते ७० च्या दरम्यान, एकूण कमाई १४०. पहिल्या फेरीत भाव भरकटतील, पण तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत बहुधा या पट्ट्याजवळ येतील. मागणी-पुरवठ्याच्या रेषा तिथे कुणालाच दिसत नसतात, हे मला या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

आता फळा पुसून टाक आणि सगळ्यांना खोलीभर फिरून दोघादोघांत खासगी घासाघीस करू दे. ६० चा ग्राहक ३५ च्या विक्रेत्याला आधी गाठतो, ७५ चा विक्रेता १०० च्या ग्राहकाला. सौदे पाच होऊ शकतात, पण तेव्हा एकूण कमाई १२५ वरच थांबते, म्हणजे शक्य होती त्याच्या ८९ टक्के. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी १९४८ मध्ये मांडलेला निष्कर्ष हाच होता: अशा बाजारात सौदे कागदावरच्या उत्तरापेक्षा जास्त होतात. विद्यार्थी म्हणून त्यांच्या प्रयोगात बसलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी पुढे बोली जाहीर केल्या, फेऱ्या पुन्हापुन्हा घेतल्या आणि १९६२ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. २००२ चं नोबेल त्यांना डॅनियल कानेमन यांच्यासोबत मिळालं. माणसं तीच, नियम बदलला की निकाल बदलतो. या संशोधनाचा गाभा हा आहे.

चुका कुठे होतात? कमाई काल्पनिक ठेवली की लोक गंमत म्हणून तोट्याचे सौदे करतात, म्हणून प्रत्यक्ष पैसे द्यावे लागतात. सहभागींना खोटं सांगणं या शाखेत चालत नाही; एकदा फसवणूक झाली की पुढच्या वेळी सूचनांवर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि नवशिक्यांची हमखास चूक: दहा जणांचा एक बाजार म्हणजे दहा निरीक्षणं नव्हेत. सगळे एकमेकांच्या बोली ऐकत असतात, त्यामुळे ते एकच स्वतंत्र निरीक्षण. तुलनेसाठी दोन नियम आणि प्रत्येकी सहा बाजार धरले तरी १२० माणसं लागतात.

ग्राहक-वर्तनातही प्रयोगाची रीत बदलली की निकाल बदलतो. १९९० च्या एका गाजलेल्या प्रयोगात ज्यांना कॉफीचा मग दिला होता त्यांनी तो विकायला सुमारे ७ डॉलर मागितले, ज्यांना दिला नव्हता ते तोच मग घ्यायला ३ डॉलरही द्यायला तयार नव्हते. २००५ मध्ये प्लॉट आणि झाइलर या संशोधकांनी आधी सराव देऊन, किंमत सांगण्याची पद्धत नीट समजावून प्रयोग केला, तेव्हा ही दरी नाहीशी झाली. म्हणून सूचनांची भाषा चार-चारदा तपासायची चिकाटी तुझ्यात आहे का, हे आधी बघ. गणिताच्या धास्तीपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा.

अभ्यासात संभाव्यता, संख्याशास्त्र, कलनशास्त्र आणि गेम थिअरी (समोरचा काय करेल हे धरून निर्णय कसे घेतले जातात, त्याचं गणित) पक्कं कर. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शीक; ओट्री हे प्रयोगांचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं. संशोधनाचं पद हवं तर एम.ए. नंतर पीएच.डी. लागतेच, त्यात पाच-सहा वर्षं जातात. आधी वर्षभर संशोधन-सहायकाचं काम केलंस तर उत्तम. पीएच.डी. नको असेल तरी लिलावांची रचना, किंमत-धोरण आणि ऑनलाइन कंपन्यांच्या ए-बी चाचण्या (दोन गटांना दोन वेगळी रूपं दाखवून तुलना करणं) यांत हेच कौशल्य लागतं.

कार्डांच्या बाजाराची नोंद मात्र फेकू नकोस. फेरी, वेळ, भाव, दोघांची कार्डं, असा प्रत्येक सौदा तक्त्यात उतरव आणि सहायकाच्या कामासाठी अर्ज करताना तो दोन पानी विश्लेषणासह जोड.