‘अ‍ॅथलेटिसिझम’ म्हणजे ‘क्रीडाकौशल्य’ का?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधील संघ दरवर्षी ज्यातून नवे खेळाडू निवडतात, त्या ‘ड्राफ्ट’विषयीच्या लेखाचा अनुवाद करताना, बचावाच्या पहिल्या रांगेतील होतकरू खेळाडूंच्या ‘अ‍ॅथलेटिसिझम’साठी ‘क्रीडाकौशल्य’ हा शब्द योग्य ठरेल का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझ्या मते तो योग्य नाही. किंबहुना तो मूळ अर्थाच्या विरुद्ध जातो.

कौशल्य शिकून येते. समोरच्याचे हात कसे झटकावेत, कोणत्या खांद्याच्या बाजूने आत घुसावे, हे कौशल्य झाले. निवडकर्ते ‘अ‍ॅथलेटिसिझम’ म्हणतात तेव्हा हे सारे बाजूला ठेवून निव्वळ शरीराकडून काय होऊ शकते, एवढेच पाहतात. ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिसला भरणाऱ्या ‘कंबाइन’ या चाचणी शिबिरात 40 यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरची धाव, उभी उडी, जागेवरून लांब उडी, तीन शंकूंभोवती वळत धावणे आणि 225 पौंडांचा भार छातीवरून जमेल तितक्या वेळा उचलणे, अशा चाचण्या होतात. पहिल्या रांगेतील खेळाडूला सामन्यात सलग 40 यार्ड धावण्याची वेळ क्वचितच येते, म्हणून जाणकार त्याच्या पहिल्या 10 यार्डांना लागलेला वेळ अधिक बारकाईने पाहतात. त्या पहिल्या झेपेला मराठीत ‘उसळी’ हा नेमका शब्द आहे. ‘स्फोटकता’ क्रिकेटच्या वार्तांकनासाठी राखून ठेवावी.

मग नुसते ‘चपळाई’ का नको? चपळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खो-खोचा शिडशिडीत खेळाडू उभा राहतो. याच पहिल्या रांगेतील जॉर्डन डेव्हिस या खेळाडूने 2022 च्या कंबाइनमध्ये 341 पौंड, म्हणजे जवळपास 155 किलो वजन घेऊन 40 यार्ड 4.78 सेकंदांत पार केले, तेव्हा थक्क करणारी गोष्ट ती वेळ नव्हती, तर तेवढ्या वजनाच्या माणसाची ती वेळ होती. म्हणून अनुवादात ‘वजनाच्या मानाने’ हे शब्द आले नाहीत, तर अर्धा अर्थ सांडतो.

मला स्वतःला ‘अंगची चपळाई आणि ताकद’ ही शब्दयोजना पसंत आहे, कारण ‘अंगचा’ या शब्दात शरीर आणि उपजतपणा हे दोन्ही अर्थ आपोआप येतात. अर्थात, ‘कमावलेले शरीर’ असेही आपण म्हणतो आणि भार उचलण्याची चाचणी बरीचशी त्या कमाईचीच असते. शिवाय खेळाडू धावण्याच्या चाचणीचीही आठवडेच्या आठवडे तयारी करून येतात, त्यामुळे ‘उपजत’ हा शब्द फार ताणू नये. ‘मैदानी क्षमता’ मात्र टाळावी, कारण मराठीत ‘मैदानी स्पर्धा’ म्हणजे धावणे, उड्या आणि फेकीचे प्रकार.

शब्द बरोबर आहे की नाही, हे वाक्यात घालून पाहावे. व्हर्नन गोल्स्टन या बचावातील खेळाडूने कंबाइनमध्ये तो 225 पौंडांचा भार 37 वेळा उचलला. 2008 च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क जेट्स या संघाने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले. आणि पुढे संपूर्ण एनएफएल कारकिर्दीत त्याच्या नावावर एकही सॅक लागला नाही, म्हणजे क्वार्टरबॅकला, अर्थात प्रतिस्पर्धी संघाच्या चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, चेंडू फेकण्याआधी पाडणे त्याला एकदाही साधले नाही. ‘त्याचे क्रीडाकौशल्य असामान्य होते, पण त्याला खेळ जमला नाही’ असे लिहिले, तर वाचक लेखकाच्याच शुद्धीविषयी शंका घेईल. ‘अंगची ताकद आणि चपळाई असूनही त्याला खेळ जमला नाही’ या वाक्याला मात्र कुणी अडणार नाही.

तक्त्यात किंवा गुणांकनाच्या मथळ्यात एवढी लांब योजना बसत नाही. तेथे ‘शारीरिक क्षमता’ लिहावे. हा शब्द थोडा सरकारी वाटतो, पण दिशाभूल करीत नाही.