जन्मतारीख कशाला हवी?

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला प्रोजेक्ट काल रात्री नीट वाचला. कोड स्वच्छ आहे, फंक्शनांना नावं विचार करून दिली आहेस, आणि काही बिघडलं तर वापरणाऱ्याला स्क्रीनवर काय दिसेल याचाही विचार केला आहेस. पहिल्या प्रोजेक्टमध्ये हे क्वचित दिसतं, म्हणून मनापासून आनंद झाला. सोबतच्या पत्रात मात्र तू एकच प्रश्न तीन वेळा घोळवला आहेस: जावास्क्रिप्टच चालू ठेवू, पायथन घेऊ, की सरळ रस्टला हात घालू?

प्रोग्रामिंगच्या ज्या भाषेत सध्या काम मिळतंय ती शिक. यात महिने घालवू नकोस. जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली दहा दिवसांत उभी केली आणि त्या घाईच्या खुणा तिच्या अंगावर अजून आहेत. पीएचपी त्याच वर्षी जगासमोर आली. रॅस्मस लर्डॉर्फ यांनी स्वतःच्या पानांसाठी केलेल्या छोट्या साधनांतून ती वाढली. दोघींना नावं ठेवणारे पायलीला पन्नास भेटतील, पण वेबचा फार मोठा भार त्याच वाहतात. कोण कुठल्या भाषेत लिहितो यावरून त्याची पारख करणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

म्हणून सगळ्या भाषा सारख्या, असं मात्र मी म्हणणार नाही. मी भाषेला एकच प्रश्न विचारते: रात्रीचे अकरा वाजलेत, डोळे मिटताहेत, उद्या सकाळी डिप्लॉय आहे, म्हणजे नवा कोड लोकांसाठी चालू करायचा आहे, अशा वेळी ही भाषा मला किती मोठी चूक करू देईल?

हार्टब्लीड नावाची सुरक्षा-त्रुटी आठव. एप्रिल २०१४ मध्ये ती उघड झाली. ओपनएसएसएल ही वेबवरचा संवाद गुप्त ठेवणारी, सी भाषेतली लायब्ररी (इतरांनी वापरायचा तयार कोड), वेबवरचे असंख्य सर्व्हर तिच्यावर चालत होते. तिच्यात एक साधी सोय होती: ब्राउझरच्या बाजूने एक शब्द पाठवायचा, त्याची लांबी सांगायची, आणि सर्व्हरने तोच शब्द परत पाठवायचा, म्हणजे दोघंही जागे आहेत हे कळतं. आता शब्द पाठवला चार अक्षरांचा आणि लांबी सांगितली चौसष्ट हजारांची, तर? सर्व्हर ती लांबी पडताळून बघतच नव्हता. चार अक्षरं संपली की मेमरीत शेजारी जे पडलं असेल ते उचलून तो पाठवत राहायचा. कुणाचा पासवर्ड, कुणाची कुकी (लॉगिन टिकवणारी खूण), कधी सर्व्हरची खासगी की, म्हणजे गुप्त किल्लीसुद्धा. हा कोड लिहिणारे अडाणी नव्हते आणि तो दुसऱ्याच्या नजरेखालून गेलेला होता. पडताळणी तेवढी राहून गेली होती आणि ती चूक दोन वर्षं तशीच वापरात होती.

क्रोमच्या टीमने २०२० मध्ये आपल्या गंभीर सुरक्षा-त्रुटींचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांतल्या सुमारे ७० टक्के अशाच, मेमरी हाताळण्यातल्या चुकांमधून आलेल्या निघाल्या. एवढ्या कसलेल्या माणसांच्या हातून हे होतं, तर 'नीट लक्ष देऊन लिहा' हा सल्ला कुचकामी आहे हे मान्य करायला हवं. रस्टबद्दल मला आदर वाटतो तो याच कारणाने. ती तुझ्या सावधपणावर विसंबून राहत नाही. अशा बहुतेक चुका कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, उंबऱ्यावरच अडवतो, आणि यादीच्या हद्दीबाहेर वाचायला गेलास तर प्रोग्राम थांबतो. तू आज जे काम करतोस त्याला ती लागणार नाही, पण सवड मिळेल तेव्हा जरूर शिक.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण माझ्या हातून काय झालं ते मला विसरता आलेलं नाही. काही लोकांना लॉगिन होत नव्हतं. कारण शोधायला मी एक ओळ टाकली: येणारी प्रत्येक रिक्वेस्ट जशीच्या तशी लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत लिहायची. बग सापडला भलतीकडेच, आणि ती ओळ काढायची राहिली. चार महिन्यांनी एक सहकारी वेगळंच काही शोधत लॉग खाली सरकवत होता. तो मध्येच थांबला आणि त्याने मला हाक मारली. स्क्रीनवर एक ईमेल होता आणि त्याच्यापुढे, साध्या अक्षरांत, पासवर्ड. एका लहान मुलाचं नाव आणि पुढे जन्मसाल. खाली दुसरा. त्याच्या खाली तिसरा.

आमच्या डेटाबेसमध्ये सगळे पासवर्ड बीक्रिप्ट या पद्धतीने हॅश केलेले, म्हणजे मूळ शब्द परत काढता येऊ नये असे बदललेले होते आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. पण लॉगची प्रत बॅकअपमध्ये जात होती, शोधायला सोपं म्हणून आणखी एका सर्व्हरवर जात होती, आणि टीममधल्या एकाने ती लॅपटॉपवरही उतरवून घेतली होती. आम्ही सगळ्या प्रती पुसल्या, सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले आणि काय घडलं ते लोकांना स्पष्ट कळवलं. ते ईमेल मी स्वतः लिहिलं. (पुढे मे २०१८ मध्ये ट्विटरनेही लॉगमध्ये उघडे पासवर्ड सापडल्याचं जाहीर केलं आणि आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना ते बदलायला सुचवलं. ते वाचताना माझ्या पोटात पुन्हा गोळा आला.)

त्यानंतर 'यापुढे जपून लॉग लिहू' असं ठरवून आम्ही थांबलो नाही. पासवर्डसाठी कोडमध्ये वेगळा टाइप (माहितीचा वेगळा प्रकार) केला. तो कुठेही छापायला गेलं की फक्त तारे छापतो. मूळ मजकूर हवा असेल तर मुद्दाम वेगळं फंक्शन बोलवावं लागतं, आणि ते नाव कोड रिव्ह्यूमध्ये चटकन डोळ्यांत भरतं. भाषेतल्या टाइपांचा खरा उपयोग मला त्या आठवड्यात उमगला.

आता तुझा कोड. सर्चच्या फंक्शनमध्ये तू वापरणाऱ्याने टाइप केलेलं नाव थेट क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाच्या वाक्यात चिकटवलं आहेस, आणि वर कॉमेंट लिहिली आहेस की इनपुट आधी साफ केलेलं आहे. आज आहे, कबूल. सहा महिन्यांनी दुसरं कुणीतरी हेच फंक्शन दुसऱ्या पानावरून बोलवेल आणि तिथे ती सफाई नसेल. मग नावात एक अवतरणचिन्ह आलं की डेटाबेसला वाटतं नाव संपलं, आणि त्याच्या पुढचं सगळं तो हुकूम म्हणून पाळतो. एसक्यूएल इंजेक्शन (ह्या हल्ल्याचं नाव) १९९८ पासून जाहीरपणे माहीत आहे आणि उपायही जुनाच: क्वेरी वेगळी पाठवायची, मूल्यं वेगळी पाठवायची. मग नावात काहीही लिहिलेलं असो, ते नावच राहतं. सगळीकडे हेच कर, जिथे गरज वाटत नाही तिथेही.

पासवर्डबद्दल फार लिहीत नाही. फ्रेमवर्कमध्ये आहे तेच वापर, बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२, आणि स्वतःचं काही रचू नकोस. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले, ते कसलंही हॅशिंग न करता साठवलेले होते. इतकी वर्षं झाली तरी ती यादी पासवर्ड फोडणाऱ्यांच्या हाताशी असते.

माझी खरी तक्रार तुझ्या नोंदणीच्या फॉर्मबद्दल आहे. नाव, ईमेल, फोन, जन्मतारीख, लिंग, पिनकोड, पासवर्ड. सात रकाने. तुझं ॲप लोकांना वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवू देतं. त्याला जन्मतारीख कशाला हवी? मी विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, पुढे लागेल. हे 'पुढे लागेल' मी प्रत्येक टीममध्ये ऐकलं आहे, आणि त्याला विरोध करताना मला कधीही संकोच वाटलेला नाही.

लटान्या स्वीनी या संशोधक बाईंनी २००० साली दाखवून दिलं की फक्त पिनकोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्यावरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकेकटी वेगळी काढता येण्याची शक्यता आहे. नाव लागतच नाही. तुझ्या फॉर्ममध्ये नेमके हेच तीन रकाने आहेत. आणि २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले सर्च प्रसिद्ध केले, नावांच्या जागी आकडे घालून. काही दिवसांत पत्रकारांनी त्यातल्या एका आकड्यामागची बाई नुसत्या सर्चवरून शोधली आणि तिच्या घरी जाऊन तिला भेटले. माणूस काय वाचतो, याची यादी सर्चइतकीच बोलकी असते. आजार, मोडत आलेलं लग्न, कुणाला न सांगितलेली शंका, सगळं पुस्तकांत दिसतं. लोक ही यादी तुझ्या हाती देतात तेव्हा तिचं काय होऊ शकतं ते त्यांना ठाऊक नसतं. तुला ठाऊक आहे. म्हणून तो निर्णय तुझा आहे, 'अटी मान्य' वर टिचकी मारणाऱ्याचा नाही.

म्हणून ज्याच्यावाचून अडत नाही ते मागू नकोस. जे साठवलंच नाही त्याचा बॅकअप हरवत नाही आणि ते चुकून लॉगमध्येही जात नाही.

आणखी एक. पासवर्ड बदलण्याच्या पानावरही तू ॲनॅलिटिक्सची (वापरणारे काय करतात ते मोजणारी) बाहेरची स्क्रिप्ट ठेवली आहेस, बहुधा सगळ्या पानांच्या सामायिक लेआउटमधून ती आपोआप आली. त्या पानाच्या पत्त्यात टोकन आहे, म्हणजे पासवर्ड बदलायची परवानगी देणारा गुप्त संकेत. बाहेरून आलेली स्क्रिप्ट तुझ्या पानावर तुझ्याच अधिकाराने चालते: पत्ता वाचू शकते, रकान्यात काय टाइप होतंय ते बघू शकते. ती तसं करते असा आरोप मी करत नाही, पण तिचा पुरवठादार उद्या कुणाच्या हातात असेल हे तू सांगू शकत नाहीस. लॉगिन, पासवर्ड आणि पैशांच्या पानांवर बाहेरची एकही स्क्रिप्ट नको.

बाहेरून घेतलेल्या पॅकेजांचंही तेच. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीत कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला होता. मार्च २०२४ मध्ये तो पकडला गेला, कारण आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो कारणाच्या मागे लागला. असा माणूस मिळाला हे जगाचं भाग्य. पण तुझ्या प्रोजेक्टचा बंदोबस्त अशा भाग्यावर सोडता येणार नाही. तुझी पॅकेजेस मी मोजली, त्यातली चार तू एकेका फंक्शनसाठी घेतली आहेस. ती फंक्शनं स्वतः लिही, दुपारभराचं काम आहे.

आधी सर्च दुरुस्त कर, मग फॉर्ममधून फोन, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड काढ. ते रकाने डेटाबेसमधूनही जायला हवेत, नुसते स्क्रीनवरून लपवून चालणार नाही. झालं की सर्चमध्ये अवतरणचिन्ह असलेलं एखादं नाव टाकून बघ आणि काय आलं ते मला कळव.

तुझी,
ताई