‘वाचून दाखव’ म्हणणं बंद केलं तेव्हा

"मॅडम, माहं पोरगं पुस्तकाले हातच लावत नाही. मोबाइल देला तर दोन घंटे जाग्यावरून हालत नाही. त्याले वाचाची गोडी कशी लावू, सांगा ना."

कापूस वेचणीचे दिवस होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लेकरांच्या अडचणी घेऊन येणाऱ्या पालकांसाठी मी आठवड्यातून एकदा, मुद्दाम बाजाराच्या दिवशी बसते. खेड्यावरच्या बायांना बाजार आणि माझ्याकडे येणं एकाच खेपेत जमतं. कल्पनाताई भाजीची थैली आणि सात वर्षांचा सार्थक, दोघांना घेऊन आल्या होत्या (दोन्ही नावं बदलली आहेत). सार्थक जिल्हा परिषदेच्या शाळेत, दुसरीत. हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं, म्हणून या घराचं जरा सविस्तर सांगते.

आधी मी डोळ्यांचं विचारलं. फळ्यावरचं दिसतं का, पुस्तक नाकाशी धरतो का, मागून हाक मारली तर ऐकू येते का. ग्रामीण रुग्णालयात डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितले. दोन्ही ठीक निघाले. गोडीचा विचार करण्याआधी एवढं प्रत्येकानं करावं, कारण न दिसणाऱ्या लेकराला आपण आळशी ठरवून मोकळे होतो.

त्या पहिल्या दिवशी मी एक चित्रांचं पुस्तक सार्थकसमोर ठेवलं. त्यानं आधी पुस्तकाकडे नाही, आईकडे पाहिलं. कल्पनाताई लगेच म्हणाल्या, "वाचून दाखव बरं मॅडमले." त्याचे खांदे वर गेले. बोट ठेवून तो सुरू झाला, "प ला काना पा, ऊ, स..." आणि थांबला. कोणता शब्द झाला म्हणून विचारलं, तर त्याला सांगता येईना. एकेक अक्षर फोडण्यात सगळं लक्ष खर्ची पडलं, आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटली. ‘पाऊस’ हा शब्द त्याला भेटलाच नाही. पुढे ‘किती’ आला. त्यातली पहिली वेलांटी लिहिताना क च्या आधी येते आणि बोलताना नंतर. मोठ्यांना हे कधीच खटकत नाही. सात वर्षांच्या मुलाला मात्र डोळ्यांनी एक आधी पाहायचं आणि तोंडानं दुसरं आधी म्हणायचं, ही कसरत असते. रफार आणि जोडाक्षरं तर अजून पुढेच होती.

आणि ही कसरत रोज संध्याकाळी, आईसमोर, चुकलं की "काल तर आलं होतं, आज काहून नाही?" हे ऐकत. मोबाइलवर चुकण्याची भीती नाही. मी सार्थकच्या जागी असते तर मीही मोबाइलच उचलला असता, असं कल्पनाताईंना सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मले वाचता येते मॅडम. आठवी शिकली मी. पण मोठ्यानं वाचाले लाज वाटते. शाळेत अडखळली का समदे हासत."

मला वाटतं, त्या घरातल्या वाचनाची खरी गाठ इथे होती. आई स्वतः ज्या भीतीतून गेली, तीच तिनं नकळत लेकाच्या पाटीवर उतरवली होती. त्यात तिचा दोष नव्हता. लेकरू मागे राहू नये याची तिला काळजी होती, एवढंच.

म्हणून पहिलं सांगणं एकच केलं: "महिनाभर ‘वाचून दाखव’ म्हणायचं नाही. तुम्ही वाचायचं, त्यानं ऐकायचं. शब्द विचारायचा नाही, तात्पर्य विचारायचं नाही." त्याच्या वडिलांनी तालुक्याहून गोष्टींच्या पुस्तकांचा एक संच आणला होता, पण तो लोखंडी पेटीत, कपड्यांखाली ठेवलेला. "फाडन ना तो," हे कारण. मी म्हटलं, फाटू द्या. पुस्तकं त्याच्या हाताला लागतील अशी, खाटेजवळच्या कोनाड्यात ठेवा. पान निघालं तर खळ लावून दोघांनी मिळून चिकटवा.

एक चूक माझी झाली. मी रोज अर्धा तास सांगून बसले. वेचणीच्या दिवसांत सकाळी वावरात गेलेली बाई अंधार पडता घरी येते, मग चूल, भांडी, बैलाचं दाणापाणी. पुढच्या बाजारी कल्पनाताई आल्या त्या अपराधी चेहऱ्यानंच. एकही दिवस जमलं नव्हतं. अर्धा तास माझ्या तोंडून निघायलाच नको होता. दहा मिनिटं पुरतात, आणि ती आईनंच द्यावीत असंही नाही.

घरात आजोबा होते. आबाजी रोज दिवेलागणीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेच्या ओव्या मोठ्यानं वाचत, ओळीखाली बोट सरकवत. 41 अध्यायांचा तो ग्रंथ विदर्भातल्या कितीतरी घरांत असाच वाचला जातो. मी म्हटलं, नातवाला शेजारी बसवा. सार्थकला ओव्या फारशा कळत नव्हत्या, पण आबाजींच्या बोटाखाली ‘स’ दिसला की तो ओरडायचा, "हा माहा!" आबाजींनी स्वतःच एक सौदा केला: "आधी एक ओवी माही, मंग एक पान तुहं." मला हा उपाय सुचला नसता.

दुसरं काम माझ्या खोलीत झालं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा म्हणून पैसे-खाऊ मिळवतात त्या सणाला, तू काय केलंस, असं मी सार्थकला विचारलं. तो भडाभडा बोलायला लागला आणि मी त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवत गेले: "आमच्या लाकडाच्या बैलाचं शिंग मोडलं. आबाजीनं फेविकॉलनं चिपकवलं. मी सगळ्यायले सांगतलं का तो झगडा करून आला. मंग मले जास्त बोजारा भेटला."

मग कागद त्याच्याकडे सरकवला. त्यानं वाचलं. सुरुवातीला अर्धं आठवणीतून, मग बोट ठेवून, आणि ‘झगडा’वर येऊन खुदकन हसला. त्याच्या तोंडातले शब्द कागदावर बसलेले असतात, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं. पुढच्या शब्दाचा अंदाज बांधता येत होता, कारण गोष्ट त्याचीच होती. ‘पाऊस’च्या वेळी नेमका तोच आधार नव्हता.

कल्पनाताईंनी मात्र कागद पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "हे अशुद्ध नाही का मॅडम? शाळेत मार्क कापतीन."

याचं उत्तर मी जरा जोरातच दिलं, आणि आजही तसंच देईन. ‘मले’ अशुद्ध नाही. ती आपली वऱ्हाडी आहे, त्याच्या आईची भाषा. पाठ्यपुस्तकात ‘मला’ लिहिलेलं असतं, तेही त्याला यायला हवं, येईलच. पण पुस्तक वाचताना त्याला एकाच वेळी दोन ओझी असतात, अक्षर जुळवायचं आणि घरी कोणी बोलत नाही अशी भाषा समजून घ्यायची. पहिलं ओझं उतरेपर्यंत दुसरं थोडं हलकं केलं तर काय बिघडतं? आम्ही त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला ‘मला जास्त बोजारा मिळाला’ असं लिहिलं. सार्थकला तो खेळ वाटला. "पुस्तकातला माणूस ‘मला’ म्हणते," त्यानं स्वतःच ठरवलं. असे नऊ कागद झाले, आबाजींनी सुई-दोऱ्यानं शिवून दिले, आणि त्याचं पहिलं पुस्तक तयार झालं.

मोबाइल हिसकावून घेऊ नका, असंही सांगितलं होतं. त्यातच ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात, पातळीनुसार लावलेल्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं, त्याचे जुने अंकही ऑनलाइन आहेत. ‘किशोर’ त्याच्या वयाला जड होतं, पण चित्रं बघत आईला "हे काय लिहिलं?" विचारायला छान. शाळेच्या कपाटातली पुस्तकं मागितल्याबरोबर गुरुजींनी घरी दिली. त्याआधी कोणी मागितलीच नव्हती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. संक्रांतीला मामा आले आणि चार पाहुण्यांत म्हणाले, "आता वाचते म्हणे आमचा सार्थक, वाचून दाखव बरं!" तो गोठ्यात जाऊन बसला. पुढचे दोन आठवडे पुस्तकाला हात नाही. कल्पनाताई रडकुंडीला आल्या होत्या. मी म्हटलं, तुम्ही वाचत राहा, त्याला बोलावू नका. बाराव्या-तेराव्या दिवशी तो आपणहून येऊन मांडीला टेकला. आणि त्या काळात एक वेगळीच गोष्ट घडली होती: लाजणारी आई रोज मोठ्यानं वाचत होती.

एक सांगायला हवं. दुसरी-तिसरी संपत आली, शाळा नियमित आहे, घरी धाक नाही, आणि तरीही अक्षरं ओळखूच येत नसतील, तर ‘गोडी नाही’ म्हणून सोडू नका. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकण्यातलीच अडचण, असू शकते. जिल्हा रुग्णालयात विचारा, मानसशास्त्रज्ञाकडून तपासणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे, परीक्षेत सवलती मिळतात. सार्थकच्या बाबतीत तशी गरज पडली नाही.

मार्चमध्ये कल्पनाताईंचा फोन आला. बसस्टँडवर दारव्हा गावाच्या एसटीची पाटी पाहून सार्थकनं मोठ्यानं वाचलं होतं, "दारवहा." आजूबाजूची माणसं हसली. कल्पनाताईंच्या काळजात धस्स झालं, आता हा पुन्हा मिटणार. पण त्यानं आईचा पदर ओढला आणि विचारलं, "माय, दारव्ह्यातला ‘व’ अर्धा काहून हाये?"

"मंग तुम्ही काय सांगतलं?" मी विचारलं.

"म्हटलं, मले बी नाही माहीत बावा. घरी गेल्यावर आबाजीले इचारू."