एआय आणि गेमिंग दोन्हींसाठी ताकदवान, तरीही सुरक्षित ग्राफिक्स कार्ड कोणतं घ्यावं?

आधी व्हीरॅम (म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी) बघा, बाकी सगळं नंतर. गेममध्ये मेमरी कमी पडली तर सेटिंग खाली आणून भागतं. एआयचं मॉडेल मात्र कार्डात मावलं नाही की वेग पार कोसळतो. ७ अब्ज पॅरामीटरच्या मॉडेलला नुसत्या वेट्ससाठीच (मॉडेलने शिकलेले आकडे) प्रत्येक आकडा १६ बिटमध्ये साठवला तर १४ जीबी लागतात, ४ बिटमध्ये साधारण ४ जीबी. सुरुवातीला एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० टीआय १६ जीबी पुरतं (त्याच नावाने ८ जीबीचंही मिळतं, खोक्यावर नीट वाचून घ्या). मोठी मॉडेल्स हवी असतील तर २४ जीबीचं ३०९० किंवा ४०९०. एएमडीची कार्डं गेमिंगला छान आहेत, पण एआयची बरीच साधनं आधी कुडासाठीच (एनव्हिडियाची स्वतःची सॉफ्टवेअर प्रणाली) लिहिली जातात, म्हणून मी एनव्हिडियाच सुचवेन.

आता सुरक्षितता, आणि इथे अजिबात हयगय नको. ४०९० ची वीजमर्यादा ४५० वॅट, ५०९० ची तर ५७५. २०२२ पासून अशा कार्डांना वीज देणारे १६ पिनचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी प्लग अर्धवट बसलेला होता. फट दिसेनाशी होईपर्यंत तो दाबा आणि केबल कनेक्टरच्या अगदी जवळ वाकवू नका. दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायची मॉड्युलर (सुटी काढता येणारी) केबल तर कधीच लावू नका. टोक बसतं, पण आतली पिनांची जोडणी वेगळी असू शकते. ४०९० साठी चांगला ८५० वॅटचा सप्लाय घ्या. तासन्‌तास ट्रेनिंग चालणार असेल तर पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर ठेवा. वेग थोडासाच घटतो, उष्णता मात्र बरीच उतरते.